हे घालू का?

‘हे घालू का?’ हा प्रश्न बहुतेक घरांत आरशासमोरून येतो. ब्लाऊजचे हूक अर्धवट लावलेले असतात किंवा शर्टाची एक बाही चढवायची राहिलेली असते, आणि दारातून डोकं बाहेर काढून कुणीतरी विचारतं. विचारणाऱ्याचं पुष्कळदा आधीच ठरलेलं असतं, तरीही विचारलं जातं. समोरच्याने पेपरातून वर न बघता ‘छान दिसतंय’ म्हटलं, तर त्यावरून वाद होतो. वाद होतो याचा अर्थ एवढाच, की प्रश्न निव्वळ कपड्यांबद्दल नव्हता.

आता हा प्रश्न फोनला विचारता येतो. कपाटातल्या एकेका कपड्याचा फोटो काढून अ‍ॅपमध्ये टाकायचा. मागची भिंत, पलंगावरची चादर पुसून टाकून ते नुसता कुर्ता उचलतं आणि त्याचा रंग, बाही, कापड यांची नोंद करतं. ‘सोमवार ते शुक्रवार ऑफिस, गुरुवारी संध्याकाळी बारसं’ असं सांगितलं की आठवड्याचं वेळापत्रक तयार. वेगळं अ‍ॅप नको असेल, तर चॅटजीपीटीला किंवा जेमिनायला फोटो दाखवून मराठीतच विचारावं. कल्पना तशी जुनी आहे. १९९५ सालच्या ‘क्लूलेस’ या अमेरिकन सिनेमातली श्रीमंत शाळकरी नायिका संगणकावर आपले कपडे जुळवून बघते. २०१७ साली अ‍ॅमेझॉनने ‘इको लुक’ नावाचा कॅमेरा आणला. दोन पोशाखांपैकी कोणता बरा, ते तो सांगायचा. २०२० साली तो बंदही झाला. तेव्हा ही पैसेवाल्यांची हौस होती. आता ती फुकट झाली आहे. जुलै २०२५मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची सशुल्क सेवा वर्षभरासाठी मोफत दिली. ऑक्टोबरच्या अखेरीस जिओने ठरावीक प्लॅनच्या ग्राहकांना जेमिनायची सशुल्क सेवा दीड वर्षासाठी देऊ केली. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने भारतात चॅटजीपीटी गो वर्षभरासाठी मोफत केलं. त्यामुळे हा प्रश्न मलबार हिलपुरता राहिलेला नाही, मालाडच्या चाळींपर्यंत आलेला आहे.

या यंत्रांची आवडनिवड चांगली की वाईट, हा इथला मुद्दा नाही. बहुतेकदा ती ठीकच असते. मुद्दा असा, की आपण कुणाला सल्ला विचारतो तेव्हा उत्तराशिवाय आणखी काय मागत असतो? आणि ते यंत्राकडून मिळत नसेल, तर त्याने काही बिघडतं का?

आधी यंत्राची बाजू. मालाड पश्चिमेला लिंक रोडलगत माइंडस्पेस आहे. काचेच्या इमारती, कॉल सेंटरं, बँकांची मागच्या दाराची कामं. तिथून रिक्षाच्या अंतरावर मालवणी आहे. समजा, मालवणीतल्या एका मुलीला माइंडस्पेसमधल्या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं आणि ईमेलमध्ये लिहिलं आहे, ‘स्मार्ट कॅज्युअल’. हे शब्द तिच्या घरात कुणीही कधी वापरलेले नाहीत. वडील ड्रायव्हर, आई घरकामाला जाते. ज्या घरातली दुसरी पिढी ऑफिसात जाते, तिथे हे ज्ञान न शिकवता मिळतं: कुठल्या कुर्त्याला इस्त्री हवीच, ओढणी कुठे अडचण होते, कुठले कानातले मुलाखतीला नकोत. या गोष्टी पुस्तकात नसतात आणि मुद्दाम शिकवल्याही जात नाहीत. पण त्या माहीत नसणाऱ्याला लोक पहिल्या दहा सेकंदांत ओळखतात. या मुलीने स्वतःचे तीन ड्रेस फोनला दाखवले आणि ‘यातला कुठला चालेल, का चालेल’ असं विचारलं, तर तिला सरळ, न हसता दिलेलं उत्तर मिळेल. ‘एवढंही माहीत नाही?’ असा सूर त्यात नसेल. काही घरांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्यापाशीच ठेवलेलं ज्ञान इथे मोकळं होतं. ‘यंत्राला विचारून कपडे घालायचे म्हणजे अगदीच झालं’ असं नाक मुरडणाऱ्याने एवढंच आठवून बघावं, की आपण कुणाला विचारलं होतं आणि ते माणूस आपल्या घरातच होतं का.

आता दुसरी बाजू. तिच्यासाठी जवळचंच एक ठिकाण बघू.

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला नटराज मार्केट आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत कापडाची दुकानं आहेत. उपनगरांतल्या अशा प्रत्येक बाजारात असतं तसं ‘मॅचिंग सेंटर’ तिथेही सापडतं. भिंतभर रुबियाचे आणि टू बाय टूचे तागे रंगांच्या चढत्या क्रमाने लावलेले असतात, आणि पुढे काउंटरवर साड्या घेऊन बायकांची गर्दी. पोशाख जुळवून देण्याचा फुकट सल्ला या शहरात फार आधीपासून इथे मिळतो. साडीचा पदर काउंटरवर टाकला की दुकानातला माणूस न विचारता तीन तागे खाली ओढतो. ‘काठाला मॅच करा, अंगाला नको, अंगाला केलं तर डल्ल दिसेल.’ शंका असेल, तर तो कापड आणि साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर येतो, कारण ट्यूबलाइटखाली जांभळा आणि वांगी एकच दिसतात, उन्हात नाही. फोनच्या कॅमेऱ्याला हे पायरीवर येणं जमत नाही. तो जो रंग टिपतो तोच यंत्राला खरा.

पण उजेडाचा फरक किरकोळ आहे. मोठा फरक असा, की त्या माणसाला कापड विकायचं आहे हे आपल्याला ठाऊक असतं. तो महागाचं कापड पुढे करतो तेव्हा आपण मनात वजावट करून ऐकतो. त्याचा स्वार्थ काउंटरवर उघडा पडलेला असतो, म्हणून त्याचा सल्ला नेमका किती घ्यायचा ते आपल्याला ठरवता येतं. ब्लाऊज शिवून झाल्यावर रंग विटका निघाला, तर पुढच्या वेळी त्याच्या तोंडावर सांगताही येतं. फोनमधल्या फुकट सल्ल्यामागेही कुणाचा तरी हिशेब असतोच. कोट्यवधी लोकांना वर्षभर कुणी धर्मादाय म्हणून काही देत नाही. पण तो हिशेब दिसत नाही. सवय लावायची आहे, की माहिती हवी आहे, की उद्या सल्ल्याशेजारी दुकान मांडायचं आहे, हे ठाऊक नसल्यामुळे किती वजावट करायची तेही कळत नाही. सल्ला देणाऱ्याला स्वार्थ नसावा, ही अपेक्षा भाबडी आहे. तो दिसावा, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

बाजारातून बाहेर पडून स्टेशनवर येऊ. एका माध्यमाने लाखो बायकांना ‘आज हे घाला’ असं सांगितल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईकरांच्या डोळ्यांसमोरच आहे: नवरात्रीचे नऊ रंग. त्याला कुठल्याही पोथीचा आधार नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘महाराष्ट्र टाइम्स’ने वाचकांसाठी चालवलेला तो उपक्रम. वाराला रंग ठरवायचा, तो छापायचा, त्या रंगातल्या बायकांचे घोळक्याने काढलेले फोटो मागवायचे आणि दुसऱ्या दिवशी तेही छापायचे. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी केशरी. नऊ दिवस भरायला उरलेल्या जागी मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले रंग. वीसेक वर्षांत ही गोष्ट इतकी रुजली, की ती पूर्वापार चालत आलेली आहे असं सांगणारे लोक आज सहज भेटतात. नवरात्रीतल्या गुरुवारी सकाळी मालाडला चर्चगेट लोकलची वाट बघत उभं राहावं. बायकांचा डबा समोर येऊन थांबतो तो पिवळा होऊनच.

या प्रकाराला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. हा वर्तमानपत्राचा वाचक वाढवण्याचा उद्योग होता. राखाडी साडी कुणाच्या कपाटात असते? ती विकत घ्यावी लागते, आणि दुकानदार खूश होतात. ज्यांच्याकडे नाही, त्यांना त्या दिवशी ऑफिसात ओशाळं व्हायला होतं. हे सगळं मान्य करूनही त्या सल्ल्यात एक गोष्ट होती. तो सगळ्यांना एकच आणि उघड दिलेला होता. आपण यादीप्रमाणे नेसलो आहोत हे प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि शेजारचीही तशीच नेसली आहे हे दिसत होतं. अनोळखी बाई सरकून जागा देताना पदराकडे बघून हसत होती. पटलं नाही तर काळी साडी नेसून जाता येत होतं, आणि तेही सगळ्यांना दिसत होतं. यादी उघड असली की तिच्याविरुद्ध जाण्यालाही अर्थ असतो.

२०२५ची नवरात्र २२ सप्टेंबरला, सोमवारी, पांढऱ्या रंगाने सुरू झाली. तिच्या आधीच्या आठवड्यात फोनवर दुसरीच एक साडी नेसली जात होती. जेमिनायच्या ‘नॅनो बनाना’ या नव्या चित्रसोयीला आपला फोटो द्यायचा, आणि ती नव्वदच्या दशकातल्या हिंदी सिनेमासारखी शिफॉनची साडी, उडणारे केस, मागे सोनेरी ऊन असं चित्र करून द्यायची. अशी चित्रं देशभर फिरली. मूळ फोटोत न दिसणारा आपल्या अंगावरचा तीळ चित्रात उमटला, असं एका तरुणीने सांगितलं, त्याची बातमी झाली, आणि फोटो टाकताना जपा, असं पोलीस अधिकाऱ्यांनीही बजावलं. तो धोका महत्त्वाचा आहेच. मला मात्र त्या चित्रांतला सारखेपणा जास्त विचार करायला लावतो. प्रत्येकीला वाटत होतं, की हे माझं चित्र आहे. शेजारी शेजारी ठेवली तर सगळ्यांवर तेच ऊन होतं, मानेची तीच कलती ठेवण होती.

पिवळ्या डब्यातल्या बायका सारख्या दिसत होत्या आणि त्यांना ते माहीत होतं. चित्रातल्या मुली सारख्या दिसत होत्या आणि प्रत्येकीला आपण वेगळ्या आहोत असं वाटत होतं. यंत्राचा कपड्यांबाबतचा सल्लाही याच जातीचा असतो. लाखो फोटो आणि त्यांवरचं लोकांचं लिखाण यांतून त्याला जे बहुतेकांना बरं वाटतं ते कळलेलं असतं, आणि ते तो ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून सांगतो. आपण समजतो, की ‘लोक काय म्हणतील’ या जाचातून सुटका झाली, कारण आता शेजारच्या काकूंना विचारायची गरज उरली नाही. पण यंत्र लोकांचंच बनलेलं आहे. काकूंना निदान उलटून बोलता येतं. त्यांचं तोंड चुकवता येतं, त्यांच्या मुलीच्या कपड्यांवरून त्यांना चिडवता येतं. चेहरा नसलेल्या लोकांशी भांडायचं कसं?

इथवरच्या विचारात एक फट आहे. मी डब्यातल्या हसण्याचं आणि मॅचिंग सेंटरमधल्या ओळखीचं कौतुक करते, पण माणसांची नजर सगळ्यांना सारखी मिळत नाही. काहींच्या वाट्याला ती शिक्षा म्हणून येते.

आणखी एक समजा करू. मालाडमधलीच पन्नाशीची एक बाई. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. पुतण्याचं लग्न आहे. कपाटात एक डाळिंबी पैठणी पडून आहे, आणि तिला ती नेसावीशी वाटते. हे ती कुणाला विचारणार? मुलगा ‘नेस की’ म्हणेल, पण त्याला त्यातली मेख कळलेली नसेल. जाऊबाई एक क्षण गप्प राहतील, आणि तो क्षणच उत्तर असेल. म्हणून ती रात्री फोनला साडीचा फोटो दाखवते आणि विचारते. फोन म्हणतो, हा रंग तुम्हाला खुलून दिसेल, सोबत मोत्यांचे दागिने घाला, केसांत मोगरा माळा. नवरा नाही हे तिने सांगितलं, तरी तो अडखळत नाही. सांत्वनाचे दोन शब्द बोलून, नेसायला काहीच हरकत नाही, असं म्हणतो. ज्या प्रश्नावर माणसं डोळे खाली घालतात, तिथे यंत्राने डोळे खाली घातले नाहीत. याचं मोल कमी लेखू नये. कित्येक जणींना असं न अडखळलेलं उत्तर आयुष्यात प्रथमच मिळत असेल.

आणि तरीही लग्नाच्या हॉलमध्ये तिला एकटीलाच जायचं आहे. यंत्राने परवानगी दिली, पाठराखण केली नाही. ती त्याला करताच येत नाही, कारण ते तिथे नसणार. हळदीकुंकवाचं तबक फिरत तिच्यापाशी येऊन थबकेल, तेव्हा फोन पर्समध्ये असेल. जाऊबाई शेजारी उभ्या राहून ‘मीच म्हटलं, हीच नेस’ असं म्हणाल्या असत्या, तर त्याच साडीचा अर्थ वेगळा झाला असता. दोन्हीकडे सल्ला तोच आहे, शब्दही जवळपास तेच. फरक आहे तो सल्ला देणाऱ्याने स्वतःचं काही पणाला लावलं की नाही याचा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव यासाठीच आठवतं. तिथे ४ मे २०२२ रोजी विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव झाला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सुचवलं. ठरावाने सगळं बदलतं असं नाही. पण त्यात काय झालं ते बघा. बाईने काय घालावं हे तिला आधीही कळत होतं. तिने ते घातलं तर आम्ही तिच्या बाजूने आहोत, हे गावाने मिळून लिहून दिलं. तिला सल्ल्याची नव्हे, याच गोष्टीची गरज होती.

याच्याही पलीकडचं उदाहरण डिसेंबर १९२७चं आहे. महाडला सत्याग्रह परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याच दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या अस्पृश्य बायकांसमोर भाषण केलं. लुगडं नेसण्याची पद्धत बदला, गळ्यातले आणि हातांतले ढीगभर दागिने टाका, ज्या खुणांवरून लोक तुम्हाला लांबून ओळखतात त्या खुणाच अंगावर ठेवू नका, असं त्यांचं सांगणं होतं. तिथल्या बायकांनी लुगडी नेसण्याची तऱ्हा लगेच बदलली, असं त्या काळच्या आठवणींत येतं. एका पुरुषाने बायकांना कपड्यांबद्दल सांगावं, यावर आजचा वाचक आक्षेप घेऊ शकतो. पण त्या सल्ल्याची जात बघावी. तो समोर उभं राहून दिलेला होता, त्याचं कारण सांगितलेलं होतं, आणि देणारा स्वतः त्याच जाचातला होता. त्या बायकांना पुढे जे सोसावं लागलं असतं, त्याची जबाबदारी नाकारायला त्याला जागा नव्हती.

आता कल्पना करा, १९२७ साली असं यंत्र असतं आणि त्या बायकांपैकी कुणी त्याला विचारलं असतं, ‘मी काय नेसू?’ तोवरच्या चित्रांवर आणि लिखाणावर ते पोसलेलं असतं. त्याने बहुधा अत्यंत नम्रपणे तेच लुगडं सुचवलं असतं, कारण तिच्यासारख्या बायका तेच नेसत होत्या. जे आजवर झालं त्यावरून काय शोभेल हे यंत्राला छान सांगता येतं. काय शोभतं हेच बदलायचं असेल, तेव्हा ते मागे पडतं. आणि माणसं कपड्यांबद्दल मनापासून विचारतात ती पुष्कळदा अशाच वेळी. रोजच्या कुर्त्याबद्दल कुणी रात्रभर विचार करत नाही.

म्हणून मला वाटतं, प्रश्नाचे दोन भाग पाडावेत. कपाटात काय आहे, कुठल्या सलवारीवर कुठला कुर्ता जाईल, दोन वर्षांत न घातलेले कपडे कुठले, नवीन घेण्याआधी जुन्यातून काय निघेल, हा झाला हिशेब. मुंबईच्या घरांत कपाट असतं एक आणि माणसं असतात चार. तिथे हा हिशेब यंत्राने करून दिला, तर पैसे वाचतात, जागा वाचते, राखाडी साडीही एखादे वेळी ट्रंकेच्या तळाशी सापडते. त्यासाठी फोटो देताना आपण अंगावर कपडा घालून उभं राहायची गरज नसते, खुंटीवरचा कपडा पुरतो. ‘स्मार्ट कॅज्युअल’चा अर्थही यंत्राला खुशाल विचारावा. पण ‘मी हे घालून तिथे जाऊ का?’ हा हिशेब नाही. त्यात ‘तू असशील ना?’ हे दडलेलं असतं. तो प्रश्न जिथे उत्तराबरोबर माणूसही मिळेल, तिथेच विचारलेला बरा.

मात्र हे सगळं विचारणाऱ्याला सांगून भागत नाही. लोक फोनकडे का वळले? फोन फुकट आहे म्हणून, हे अर्धंच उत्तर झालं. आपणही फुकटच होतो. आपण विचारलेल्या प्रश्नावर पेपरातून वर बघितलं नाही, किंवा बघितलं ते मोजमाप घेतल्यासारखं. वजनाबद्दल बोललो, वयाबद्दल बोललो, ‘तुला कुठे जायचंय एवढं नटून’ म्हणालो, किंवा तो एक क्षण गप्प राहिलो. मालवणीतल्या मुलीला ‘स्मार्ट कॅज्युअल’ समजावून सांगायला माइंडस्पेसमध्ये आधीपासून नोकरी करणारी एखादी शेजारीण पुरली असती. पन्नाशीच्या बाईला जाऊबाई पुरल्या असत्या. यंत्र आलं ते आपण रिकाम्या ठेवलेल्या जागेवर.

पुढच्या वेळी आरशासमोरून कुणी विचारलं, की मान वर करून नीट बघावं. जे वाटतं ते खरं सांगावं. आणि ती डाळिंबी पैठणीच असेल, तर लग्नाच्या हॉलमध्ये शेवटपर्यंत तिच्या शेजारची खुर्ची सोडू नये.